उत्तराला गुण किती?

(द्वितीय वर्ष, कला)

गणपती विसर्जन होऊन घटक चाचणी आटोपली की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तिन्ही गावांतील शाळांच्या सूचनाफलकांवर एक कागद लागतो. ‘आंतरशालेय वादविवाद स्पर्धा’ असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते आणि खाली नियम असतात. प्रत्येक शाळेने दोन स्पर्धक पाठवावेत, एक विषयाच्या बाजूने व एक विरुद्ध. प्रत्येकास चार मिनिटे मिळतील, तिसऱ्या मिनिटास इशाऱ्याची घंटा होईल. स्पर्धकाने भाषणात आपल्या शाळेचे नाव उच्चारू नये. कागद पाहून बोलू नये. दोन्ही स्पर्धकांच्या गुणांची बेरीज करून फिरती ढाल देण्यात येईल. आणि सर्वांत शेवटी तो नियम, ज्याच्यापुढे कुणाचेच काही चालत नाही: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

शाळेत असताना चार वर्षे मी या स्पर्धांतून बोलले, आणि महाविद्यालयात आल्यापासून अशाच स्पर्धांत स्वयंसेविका म्हणून घड्याळ आणि घंटा घेऊन बसते आहे. स्पर्धकाला परीक्षक दिसतात आणि परीक्षकांना स्पर्धक दिसतो. घंटेजवळ बसणाऱ्याला मात्र दोघेही दिसतात, शिवाय मागच्या रांगेतील शिक्षक दिसतात आणि दारापाशी चपला घालून निघण्याच्या तयारीत उभी असलेली मुलेही दिसतात. त्या खुर्चीवर बसून माझे असे ठाम मत झाले आहे की आपण जिला वादविवाद स्पर्धा म्हणतो तिच्यात वादविवाद होतच नाही. मुलांना येत नाही म्हणून होत नाही असे नव्हे. तिच्या नियमांत उत्तराला जागाच ठेवलेली नाही.

समजा, वीस शाळांची चाळीस मुले आली. विषय असतो ‘शालेय विद्यार्थ्यांना मोबाईल हवा की नको’ किंवा असाच काहीतरी. पहिला मुलगा येतो. अध्यक्ष महोदय, परीक्षक, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, एवढे म्हणून होईपर्यंत अर्धे मिनिट जाते. मग दहा-पंधरा दिवस घोकलेले भाषण सुरू होते. ते संपले की दुसरा येतो आणि तोही घोकलेलेच बोलतो. पहिल्याने काय सांगितले याच्याशी दुसऱ्याला कर्तव्य नसते, कारण दुसऱ्याचे भाषण पहिला तोंड उघडण्याआधीच पुरे झालेले असते. सर्वांत मौज वाटते ती खंडनाची. ‘माझे प्रतिपक्षी मित्र आताच म्हणाले की...’ असे म्हणून मुलगी हात पुढे करते आणि एक मुद्दा खोडून काढते. आधीच्या मुलाने तो मुद्दा मांडलेलाच नसतो! पण तिच्या कागदावर ते वाक्य असते, म्हणून ती ते म्हणते, टाळ्या पडतात आणि परीक्षकही मान डोलावतात. गेल्या खेपेस एका मुलीने तर पहिल्याच क्रमांकावर बोलताना प्रतिपक्षी मित्राला असे उत्तर दिले. तिच्या आधी व्यासपीठावर फक्त दीपप्रज्वलन झाले होते.

यात मुलीची चूक काय? तिला शिकवलेच तसे आहे. आणि शिकवणाऱ्यांनाही सरसकट दोष देता येत नाही. ज्या शाळेत मराठी शिकवणारे सर किंवा बाई हौशी असतात तेथे त्या शाळा सुटल्यावर थांबून भाषण लिहून देतात, म्हणवून घेतात, कुठे थांबायचे, कुठे मूठ आवळायची ते दाखवतात. स्वतःच्या वेळातून हे करणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. परंतु नियमाप्रमाणे एका शाळेतून एक अनुकूल आणि एक प्रतिकूल असे दोन स्पर्धक जातात, आणि दोघांची भाषणे एकाच हातची असतात. म्हणजे सोमवारी बाईंनी मोबाईल हवा असे लिहिले आणि मंगळवारी नको असे लिहिले. दोन्ही मुले एकाच लोकलने येतात, एकाच डब्यातला शिरा खातात, आणि एकमेकांविरुद्ध बोलून एकाच ढालीसाठी गुण मिळवतात. त्या दोघांना एकमेकांशी वाद घालायचा नसतो. ती खरे तर एकाच संघाची असतात.

मी पाहिलेल्या गुणपत्रकांत रकाने साधारण असे असत: विषयाची मांडणी, भाषाशैली, उच्चार, हावभाव, एकूण परिणाम. प्रत्येकाला दहा, मिळून पन्नास. प्रतिपक्षाच्या मुद्द्याला उत्तर दिले का, हे विचारणारा रकाना एकाही कागदावर नव्हता. ज्याला गुण नाहीत ते मूल कशाला करील? परीक्षेत न येणारा धडा आपण तरी वाचतो का?

आपल्या महाराष्ट्रात व्याख्यानाची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला हे तिचे ठळक उदाहरण. वक्त्याने बोलावे आणि आपण सतरंजीवर बसून ऐकावे, याची आपल्याला पिढ्यान् पिढ्या सवय आहे. त्यामुळेच की काय, वक्तृत्व आणि वादविवाद यांत आपण फरक करीत नाही. वक्तृत्व स्पर्धा जरूर असाव्यात. त्यांत पाठांतर, आवाज, हावभाव यांना गुण द्यावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुकानावर पाटी एक आणि आत माल दुसरा, असे का व्हावे?

वादाचीही परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती जुनी आहे. तत्त्वज्ञानाच्या तासाला न्यायदर्शन शिकताना मला पहिल्यांदा कळले की गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून केलेला तो वाद. कसेही करून जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता नुसते दुसऱ्याचे खोडून काढणे ती वितंडा. पुढे वादात हरण्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत, त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांत ‘अननुभाषण’ नावाची एक जागा आहे. प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेले आणि सभेला समजलेले वाक्य जो परत म्हणून दाखवू शकत नाही, तो हरला! दुसऱ्या एका जागेचे नाव ‘अप्रतिभा’, म्हणजे वेळेवर उत्तर न सुचणे. मला हे वाचून फार नवल वाटले. इतक्या जुन्या काळी या मंडळींनी समोरच्याचे ऐकणे हा नियमच करून ठेवला होता. आज आपल्या भागातील एखाद्या स्पर्धेत हा एकच नियम लावला तर चाळीसांपैकी किती मुले टिकतील? मला वाटते, चार-पाच. आणि ती चार-पाच कोणती असतील ते परीक्षकांच्या सध्याच्या यादीवरून कधीच कळणार नाही.

न्यायसूत्रे फार लांबची वाटत असतील तर आपल्या जवळचे एक उदाहरण घ्या. विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे विष्णू भिकाजी गोखले, आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरवलीचे. शालेय शिक्षण बेताचे, कस्टम खात्यात नोकरी केलेली. या गृहस्थांनी १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद केला. ते पुढे ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने १८७२ साली पुस्तकरूपाने आले, आणि मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी आपल्या बाजूने इंग्रजीतही ती हकीकत प्रसिद्ध केली. दोन्ही बाजूंची मते आज आपल्याला पटोत वा न पटोत, लोक तिथे पुन्हा पुन्हा जमत ते एक बोलल्यावर दुसरा काय म्हणतो हे ऐकायला. पाठ केलेले चार मिनिटांचे भाषण म्हणून बुवा लगेच घरी गेले असते तर वाळूवर दुसऱ्या खेपेस कोण आले असते?

आमच्याकडे मात्र बोलून झाले की घरी जाणे हाच शिरस्ता आहे. आचरणाविषयी लिहायचे तर मला हेच सर्वांत आधी लिहावेसे वाटते. बदलापूरच्या शाळेची मुले उल्हासनगरला आली की त्यांच्या सरांच्या डोक्यात कर्जत लोकलचे वेळापत्रक असते. तिला गर्दी असते, मुली बरोबर असतात, पालकांना उत्तर द्यावे लागते, हे सगळे मला समजते. म्हणून आपला क्रमांक आधी लावून घ्यायचा आणि बोलून निघायचे. दुपारी दोनला भरलेले सभागृह चारला अर्धे होते आणि साडेचारला उरतात ते आयोजक शाळेचे विद्यार्थी, ज्यांना बसवून ठेवलेले असते. पस्तिसावा स्पर्धक रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून ‘मित्रमैत्रिणींनो’ म्हणतो. निकालाला ज्याचा नंबर आला तोही पुष्कळदा हजर नसतो, त्याचे प्रशस्तिपत्र कुणीतरी पिशवीत घालून नेते.

बाकीचे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत, त्यांवर शाई खर्चण्यात अर्थ नाही. मागच्या रांगेतून ओठ हलवून भाषण सांगणारे शिक्षक. ‘शाळेचे नाव उच्चारू नये’ हा नियम पाळून शाळेचे ब्रीदवाक्य उच्चारणारे स्पर्धक. आपल्या मुलाला टाळ्या आणि दुसऱ्याच्या वेळी खोकला. परीक्षकांपैकी एकाचा पाल्य किंवा जुना विद्यार्थी स्पर्धेत असणे. यांतला प्रत्येक प्रकार मुले जिथे नुसती पाठ केलेली भाषणे म्हणतात तिथेच चालतो. समोरच्याने अचानक विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मागच्या रांगेतून ओठ हलवून सांगता येत नाही.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. भाषणे घरून किंवा शाळेतून लिहून येतात तोवर स्पर्धा मुलांची राहत नाही, ती लिहून देणाऱ्यांची होते. ज्या घरात आई शिक्षिका, काका वकील, कपाटात पुस्तके, त्या घरातील मुलाचे भाषण निराळे आणि ज्या घरात भाषण ही वस्तू फक्त निवडणुकीच्या वेळी कर्ण्यावर ऐकू येते त्या घरातील मुलाचे निराळे. माझे वडील जालना जिल्ह्यातून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. शाळेत आमच्या वर्गाला भाषण लिहून देणाऱ्या बाई नव्हत्या, त्यामुळे मी माझे मीच लिहायची आणि आईला म्हणून दाखवायची. आई पोळ्या लाटता लाटता मध्येच विचारायची, ‘आन् समोरचा असं म्हनला तर?’ तेवढे एक वाक्य. आज मला वाटते की त्या चार वर्षांत मला जेवढे परीक्षक भेटले त्या सर्वांत तिचाच प्रश्न वादविवादाचा होता. एकाही स्पर्धेत मला तो कुणी विचारला नाही.

उच्चाराच्या दहा गुणांविषयीही बोलले पाहिजे, आणि येथे आपल्या भागाची गोष्ट निराळी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. कॅम्प क्रमांक एक ते पाच ही नावे आजही आपण रिक्षावाल्याला सांगतो. तेथील सिंधी घरांतील मुले, अंबरनाथच्या कारखान्यांमुळे उत्तरेकडून आणि मराठवाड्या-खानदेशातून आलेल्या कुटुंबांतील मुले, बदलापूरच्या आसपासच्या गावांतील आगरी घरांतील मुले, अशी सगळी एका सभागृहात येतात. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा मराठी स्पर्धांत बिगरमराठी घरांतील मुले वाढावीत अशी आपली इच्छा असायला हवी. पण ‘ळ’ चा ‘ल’ झाला की दहापैकी चार गुण! ‘ण’ चा ‘न’ झाला की पाच!

एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे आहे. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅम्पातील एका शाळेची आठवीतील सिंधी मुलगी विरुद्ध बाजूने बोलायला उभी राहिली. विषय होता गृहपाठ असावा की नसावा. तिच्या आधीचा मुलगा म्हणून गेला होता की गृहपाठामुळे आईवडिलांचे मुलांकडे लक्ष राहते. ही मुलगी आपले भाषण सोडून त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, ‘ज्याचे आईवडील रात्री नऊला दुकान बंद करून येतात त्याच्या गृहपाठाकडे कोण बघनार? मग त्याला शिक्षा कोनाची, त्याची का दुकानाची?’ सभागृह क्षणभर गप्प झाले आणि मग हसले. त्या दिवशी झालेला तेवढाच एक वादविवाद. तो करताना तिचे पुढचे पाठ केलेले वाक्य हरवले, ती दहा-बारा सेकंद थांबली, आणि घंटा वाजवण्याचे काम माझ्याकडे असल्याने तिची घंटा मीच वाजवली. नंबर आला नाही. गुण मोजायला मी टेबलाशी होते. उच्चारात चार, हावभावात पाच, आणि ‘पाठांतर कच्चे’ असा शेरा. परीक्षक दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या हातातील कागदावर जे रकाने होते ते त्यांनी प्रामाणिकपणे भरले. तिने जे केले त्यासाठी कागदावर रकानाच नव्हता.

आता तर नवीनच गोष्ट झाली आहे. भाषण लिहून द्यायला काका वकील असण्याची गरज उरलेली नाही. मोबाईलवर विषय टाकला की यंत्र अर्ध्या मिनिटात भाषण लिहून देते, अनुकूल हवे तर अनुकूल, प्रतिकूल हवे तर प्रतिकूल. माझा एक वर्गमित्र म्हणतो की हे बरेच झाले, यामुळे गरीब-श्रीमंत सारखे होतील. त्याचे म्हणणे मी उडवून लावीत नाही, कारण लिहून देणारे कुणी नसण्याचे दुःख मला माहीत आहे. पण गेल्या हिवाळ्यात एकाच स्पर्धेत तिघांनी आपले भाषण जवळजवळ एकाच वाक्याने सुरू केले, आणि तिघे तीन वेगवेगळ्या शाळांचे होते. सगळ्यांच्या हाती सारखे भाषण आले, इथपर्यंत समता आली म्हणायची. मग स्पर्धा कशाची राहिली? आवाजाची आणि उच्चाराची. म्हणजे पुन्हा ज्याच्या घरची भाषा छापील भाषेशी जुळते त्याचीच. ‘भाषण स्वरचित असावे’ असा नियम काही ठिकाणी छापतात, पण तो तपासायचा कसा? स्पर्धकाला एक प्रश्न विचारून पाहणे याहून सोपा उपाय मला तरी सुचत नाही.

बाहेरच्या जगात हे कसे करतात ते मी मुद्दाम वाचून पाहिले. शाळकरी मुलांची जागतिक वादविवाद स्पर्धा १९८८ पासून भरते आणि तीत भारताचाही संघ जातो. तिच्यात प्रत्येक बाजूला तीन वक्ते, प्रत्येकाला आठ मिनिटे. पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून मधल्या वेळात प्रतिपक्षाचा कुणीही उभा राहून प्रश्न विचारू शकतो. घ्यायचा की नाही हे वक्त्याने ठरवायचे, पण एकही घेतला नाही तर परीक्षकांच्या मनात ते बसते. शेवटी दोन्ही बाजूंना चार-चार मिनिटांचे समारोपाचे उत्तर असते. काही विषय आधी कळवतात, काही विषय फक्त एक तास आधी देतात आणि त्या तासात शिक्षकांची मदत घेता येत नाही. गुण शंभरपैकी: आशयाला चाळीस, शैलीला चाळीस, डावपेचाला वीस. शैलीला गुण आहेतच, तेव्हा सुंदर बोलणाऱ्याचे तिथेही नुकसान नाही. ती स्पर्धा इंग्रजीत होते म्हणून तिच्यापुढे दबून जाण्याचे मला कारण दिसत नाही. समोरच्याला उत्तर देण्याला इंग्रजी लागत नाही, आईच्या प्रश्नाला तर मुळीच लागले नव्हते.

आणि आपल्याला आदर्शच हवा असेल तर तो परदेशातून आणायचे कारण नाही. ज्यांच्यावरची भाषणे आपली मुले दर वर्षी १४ एप्रिलला पाठ म्हणतात त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत काय केले? मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिले आहेत. दुरुस्ती मांडणाऱ्याचे ऐकायचे, ती का स्वीकारावी किंवा का स्वीकारू नये ते सांगायचे, आणि पुन्हा पुढची. असे महिनोन् महिने चालले होते. त्याच भाषणात त्यांनी ह. वि. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, प्रा. के. टी. शहा अशा, सतत हरकती घेणाऱ्या सभासदांची नावे घेऊन उल्लेख केला. ही मंडळी नसती तर कामकाज नीरस झाले असते आणि संविधानामागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपल्याला मिळाली नसती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या स्पर्धांत मुलगा याच भाषणातील वाक्ये हात उंचावून म्हणतो, पहिला येतो, आणि त्याला विरोध करणाऱ्याशी तो दिवसभरात एक शब्दही बोललेला नसतो!

या सगळ्यावर आमचे काही प्राध्यापक आणि शाळेतील शिक्षक काय म्हणतील याची मला कल्पना आहे. पहिले म्हणणे असे की लहान मुले आयत्या वेळी गडबडतील, पाठांतर असले की व्यासपीठाची भीती जाते. हे खरे आहे. माझीही भीती पाठांतरानेच गेली. म्हणून पाचवी ते सातवीच्या गटाला वक्तृत्वच ठेवावे, तिला वादविवाद म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे. आठवीपासूनच्या मुलाला मात्र दोन मिनिटे उत्तर देता येते. वर्गात, मैदानावर, रेशनच्या रांगेत ती मुले दिवसभर उत्तरेच देत असतात.

दुसरे म्हणणे वेळेचे. हे मात्र हिशेबाने बघू. आज चाळीस स्पर्धक गुणिले चार मिनिटे म्हणजे एकशेसाठ मिनिटे लागतात. त्याऐवजी निरनिराळ्या शाळांच्या स्पर्धकांच्या चिठ्ठ्या टाकून वीस जोड्या लावाव्यात. एकाने तीन मिनिटे बोलावे, दुसऱ्याने तीन, मग पहिल्याने दोन मिनिटे उत्तर द्यावे आणि दुसऱ्याने दोन. जोडीला दहा मिनिटे, वीस जोड्यांना दोनशे. जादा लागली ती चाळीस मिनिटे. उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे येण्याची वाट आपण यापेक्षा जास्त वेळ पाहतो, आणि त्यानंतर त्यांचे भाषण असते ते निराळेच. शिवाय उत्तर द्यायचे असल्याने मुलाला निदान आपल्या जोडीदाराचे तरी ऐकावे लागेल. बाजू स्पर्धेच्या अर्धा तास आधी चिठ्ठीने द्यावी, म्हणजे पंधरा दिवस मूल दोन्ही बाजूंचा विचार करील. बाईंनी दोन्ही बाजू लिहून दिल्या तरी हरकत नाही, उत्तराची दोन मिनिटे तिची तिलाच भरावी लागतील.

तिसरी अडचण परीक्षकांची. उत्तराला गुण द्यायचे तर परीक्षकाला प्रत्येक भाषण नीट ऐकावे लागेल, टिपणे घ्यावी लागतील, मोबाईल खिशात ठेवावा लागेल. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हा नियम मी काढा म्हणत नाही, नाहीतर रात्री आठपर्यंत सभागृहात भांडणे होतील. पण अंतिम निर्णयाला कारण द्यायला काय हरकत आहे? निकाल लागल्यावर प्रत्येक स्पर्धकाला त्याचे गुणपत्रक हातात द्यावे, नुसती बेरीज नको, रकानेही. आणि उच्चाराचा रकाना काढून तेथे ‘ऐकणाऱ्याला समजले का’ एवढेच विचारावे. कॅम्पातील त्या मुलीचे बोलणे तीनशे जणांना समजले होते, नाहीतर ते हसले कशाला?

आपले महाविद्यालय दर वर्षी जानेवारीत शाळांसाठी जी स्पर्धा घेते तिचे परिपत्रक नोव्हेंबरात निघते. त्याआधी वाङ्मय मंडळाने बैठक घ्यावी, अशी विनंती मी लेखी दिली आहे. सोबत गुणपत्रकाचा नमुना जोडला आहे. मांडणीला पंधरा, प्रतिपक्षाला दिलेल्या उत्तराला वीस, भाषा समजण्याजोगी असण्याला दहा आणि शेवटपर्यंत सभागृहात बसून राहण्याला पाच. शेवटच्या पाच गुणांवर मंडळातील दोघांनी आत्ताच हरकत घेतली आहे. त्यांचे म्हणणे असे की कर्जत लोकल चुकली तर बदलापूरच्या मुलांनी काय करायचे. हा मुद्दा बरोबर आहे, आणि त्यावर मी असे सुचवले आहे की दूरच्या शाळांच्या जोड्या आधी लावाव्यात आणि स्पर्धा दोनऐवजी सकाळी दहाला सुरू करावी. सकाळी सभागृह मिळेल की नाही ते कार्यालयाकडून अजून कळलेले नाही.